सोनी आणि स्ट्रिंगर : अधिकार नेमके किती होते?
परदेशी माणसाच्या हाती सूत्रे गेल्यामुळे सोनी या जपानी कंपनीची घडी विसकटली, असे मत मांडले जाते; ते मला एकांगी वाटते. २००५ मध्ये कंपनीचे प्रमुख नोबुयुकी इदेई यांच्या जागी वेल्समध्ये जन्मलेले, पूर्वी सीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीत पत्रकारिता केलेले हॉवर्ड स्ट्रिंगर आले, तेव्हा टीव्हीचा व्यवसाय आधीच तोट्यात होता आणि सोनीच्या वॉकमनची (खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राची) जागा अॅपलच्या आयपॉडने घेतली होती. शिवाय इलेक्ट्रॉनिक्सचा कारभार अध्यक्ष (प्रेसिडेंट, म्हणजे प्रमुखाच्या खालचे पद) र्‍योजी चुबाची यांच्याकडे होता. ते अध्यक्षपद स्ट्रिंगर यांनी स्वतःकडे घेतले ते थेट २००९ मध्ये. मात्र जपानी भाषा न येणाऱ्या या प्रमुखाला, एकमेकांशी फटकून वागणारे विभाग (हे दुखणे त्यांच्याही आधीचे) एकत्र आणणे जड गेले, एवढे मान्य करावे लागेल.