‘मोनोपोलाइज’ या क्रियापदाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
भाषांतर करताना ‘मोनोपोलाइज’ हे क्रियापद दोनदा आले. एका कंपनीने बाजारपेठ मोनोपोलाइज केली, तेथे ‘मक्तेदारी निर्माण केली’ असे लिहून मी पुढे गेलो. परंतु दुसऱ्या वाक्यात एक सदस्य बैठकीतली चर्चा मोनोपोलाइज करतो, आणि ‘त्याने चर्चेवर मक्तेदारी निर्माण केली’ हे माझ्याच कानाला खटकते. दोन्हीकडे एकच शब्द ठेवावा का?

प्रतिसाद १
ठेवू नये. शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘मोनोस’ म्हणजे एकटा आणि ‘पोलेइन’ म्हणजे विकणे आहे, त्यामुळे बाजाराच्या संदर्भात मक्तेदारी चपखल बसते. तेथेही थोडी काळजी घ्यावी, कारण अमेरिकेच्या 1890 च्या मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याच्या दुसऱ्या कलमात हेच क्रियापद गुन्ह्याचे नाव म्हणून येते आणि त्याचा अर्थ न्यायालयांनी असा लावला आहे की, चांगल्या मालामुळे एखाद्याकडे बाजार आपोआप आला तर तो गुन्हा नव्हे. प्रतिस्पर्ध्यांना अनुचित मार्गाने बाहेर ठेवून बाजारावरची सत्ता मिळवली किंवा टिकवली, तरच तो गुन्हा. म्हणून अशा मजकुरात ‘मक्तेदारी आहे’ आणि ‘मक्तेदारी निर्माण केली’ यांची सरमिसळ होता कामा नये.

चर्चेच्या वाक्यात मात्र इतरांना वाव मिळाला नाही, ही गोष्ट मराठीत दिसली पाहिजे. ‘बैठकभर तो एकटाच बोलत राहिला, इतरांना बोलूच दिले नाही’ असे लिहावे. एखाद्या पाहुण्याने यजमानाचा वेळ मोनोपोलाइज केला असेल, तर ‘यजमानाला दुसऱ्या कोणाकडे जाऊच दिले नाही’ एवढे पुरते. ‘वर्चस्व गाजवले’ हा पर्याय मला पटत नाही, कारण वर्चस्वाखाली दुसऱ्याला निदान बोलता तरी येते.

प्रतिसाद २
वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, परंतु मक्तेदारीला बाजारापुरते कोंडून ठेवू नये. ‘शहाणपणाचा मक्ता काही तुम्हीच घेतलेला नाही’ असे आपण सहज म्हणतो. मक्ता म्हणजे ठेका, आणि तो घेणारा मक्तेदार. तेव्हा हक्क, ज्ञान, श्रेय अशा गोष्टी कोणी एकट्याच्या मानू लागला की हा शब्द शोभतो. वेळ आणि संभाषण यांचा मक्ता मात्र कोणी घेत नाही, म्हणूनच ते वाक्य कानाला खटकले.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. बाजाराचे वाक्य तसेच ठेवतो आणि दुसरे असे करतो: ‘तो सदस्य बैठकीत इतरांना बोलूच देत नाही.’ मूळ लेखात श्रेयाविषयीही हेच क्रियापद पुढे येते. तेथे ‘सारे श्रेय एकट्याकडे घेतले’ असे लिहीन.