बूटलोडर उघडू देणं कंपन्यांवर सक्तीचं असावं का?

सेलूकर: माझ्या मते असावंच. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चढवणारा प्रोग्राम; तो उघडला तरच दुसरी सिस्टीम टाकता येते. फोनचे पैसे मी मोजले, मग किल्ली कंपनीकडे कशी? हुवावेनं 2018 मध्ये बूटलोडर उघडायचा अनलॉक कोड देणं बंद केलं. शाओमीच्या फोनला खातं जोडून 168 तास ताटकळावं लागायचं. इकडं परभणीत धडधाकट फोन भंगारात जातात, कारण एकच, अपडेट थांबले. लिनिएज ओएस ही अँड्रॉइडवर आधारित मोफत सिस्टीम टाकली तर त्यातले कितीतरी अजून चालतील.

उदगीरचा मिस्त्री: दादा, मी रोज फोन खोलतो, म्हणून विरोध करतो. अनलॉक केलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं, हे किती जणांना ठाऊक असतं? पुढं दरवेळी फोन सुरू होताना इशारा झळकतो आणि गिऱ्हाईक घाबरून परत येतं. त्यातून बँकेचं ॲप नाही चाललं तर? फोन भरवशाचा आहे का हे ॲपला सांगणारी गूगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी असले फोन नापास करते. आडतीवरून सोयाबीनचे पैसे खात्यावर आले का, हे बघायला घरात तोच एक फोन असतो.

सेलूकर: ते ॲपवाल्यांनी सुधारावं. कित्येक वर्षं पॅच, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, न मिळालेला फोन त्या तपासणीत बऱ्याचदा पास होतो आणि ताजे पॅच असलेली लिनिएज नापास. याला सुरक्षा म्हणायची?

उदगीरचा मिस्त्री: ही विसंगती मलाही मान्य. पण उघड्या बूटलोडरचा फोन थोडा वेळ जरी दुसऱ्याच्या हाती पडला, तर तो त्यात बदललेली सिस्टीम घालू शकतो. त्याचं काय?

अंबाजोगाईची ताई: त्यावर तोड आहे. गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीन ओएस ही सुरक्षेवर भर देणारी सिस्टीम टाकून तिच्याच डिजिटल किल्लीनं बूटलोडर परत बंद करता येतो, मग दुसऱ्यानं बदललेली सिस्टीम चालत नाही. बहुतेक कंपन्या ही सोय देतच नाहीत. मागणी करायची तर उघडण्यासोबत पुन्हा बंद करण्याचीही करा.

उदगीरचा मिस्त्री: ताई, पिक्सेल घेणारं गिऱ्हाईक माझ्याकडं येत नाही. दहा-बारा हजारांच्या फोनचं बोला.

सेलूकर: त्याच फोनांसाठी म्हणतो, ज्या दिवशी कंपनी अपडेट थांबवेल त्या दिवसापासून अनलॉक द्यावंच लागेल, असा नियम हवा.

उदगीरचा मिस्त्री: एवढ्याला माझी ना नाही. पण कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा, सोर्स कोड द्यायचं बंधन जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे आहे, कॅमेरा आणि मोडेमच्या फाइलींना ते नाही. त्या बंदच राहिल्या तर नव्या सिस्टीमवर कॅमेरा धड चालायचा नाही. नियमात त्याही घाला, मग सही करतो.