वानुआटू : एका प्रवासात तीन बेटे जमतील का?

निळीवाट

आम्ही पती-पत्नी प्रशांत महासागरातल्या वानुआटू या द्वीपराष्ट्रात जाण्याचे ठरवीत आहोत आणि हाती पंधरवड्याहून थोडे कमी दिवस आहेत. तान्ना बेटावरचा यासूर ज्वालामुखी रात्री पाहावा, सान्तो बेटाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या 'प्रेसिडेंट कूलिज' या अमेरिकन जहाजावर डायव्हिंग करावे आणि पेंटेकोस्ट बेटावर पायांना वेली बांधून मनोऱ्यावरून उड्या घेण्याचा नागोल विधी पाहावा, अशा तीन इच्छा आहेत. डायव्हिंग यजमान करतात. मी स्नॉर्केलिंगपुरतीच पाण्यात उतरते. मे महिना बरा की सप्टेंबर, तिन्ही बेटे एका दमात होतील का, आणि कोणते बेट आधी घ्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दर्यावर्दी

महिन्याचा निर्णय नागोल करतो, तुम्ही नाही. हा विधी दक्षिण पेंटेकोस्टमध्ये साधारण एप्रिल ते जून या काळात, बहुधा शनिवारी होतो, आणि त्यामागे निव्वळ परंपरा नसून वेलींचा हिशेब आहे : पावसाळा सरता सरता वेलींमध्ये पुरेसा ओलावा आणि ताण सोसण्याची लवचीकता असते, तेव्हाच त्या उडी घेणाऱ्याला जमिनीला जेमतेम टेकवून थोपवू शकतात. १९७४ साली राणी एलिझाबेथ यांच्या भेटीनिमित्त हा विधी हंगामाच्या आधीच करण्यात आला, तेव्हा वेली तुटून एकाचा मृत्यू झाला. तेव्हा सप्टेंबर निवडलात, तर नागोल यादीतून काढावा लागेल. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा धरतात. मेमध्ये तो मागे पडलेला असतो, पावसाच्या सरी मात्र अधूनमधून येतात. सप्टेंबर अधिक कोरडा आणि किंचित थंड असतो, इतकाच फरक.

यासूर अवघा ३६१ मीटर उंच असल्यामुळे गाडी विवराच्या कडेखाली बऱ्याच जवळपर्यंत जाते आणि उरलेली चढण थोडीच असते. १७७४ साली कॅप्टन कुक यांना या बेटाकडे खेचून आणले ते त्याच्याच उजेडाने. परंतु विवराच्या किती जवळ जाऊ देतील, हे तुमच्या तिकिटावर नव्हे, तर देशाच्या हवामान व भूसंकट विभागाने जाहीर केलेल्या ० ते ५ या इशारा-पातळीवर ठरते. त्यामुळे तान्नावर एकच रात्र ठेवू नका. ढग किंवा राखेची दिशा आड आली, तर दुसरी संध्याकाळ हाताशी असावी.

शिंपलेवाला

दर्यावर्दींचे म्हणणे पटते, पण तिन्ही बेटांचा हट्ट मला धोक्याचा वाटतो. सान्तोहून तान्नाला जायचे, तर सहसा एफाते बेटावरच्या पोर्ट व्हिला या राजधानीतूनच विमान बदलावे लागते. पेंटेकोस्टच्या लोनोरोरे धावपट्टीवर लहान विमाने उतरतात, तीही हवामान बरे असेल तरच. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय विमान कंपनीने उड्डाणे थांबवली होती आणि ती पुढे टप्प्याटप्प्याने सुरू झाली, हे लक्षात घेता अंतर्गत विमान आणि परतीचे आंतरराष्ट्रीय विमान एकाच दिवशी कधीही जोडू नये. मध्ये एक रात्र पोर्ट व्हिलात काढावी. एका शनिवारसाठी अख्खा प्रवास टांगता ठेवण्यापेक्षा मी तान्ना आणि सान्तो ही दोनच बेटे सावकाश पाहीन. पेंटेकोस्टशिवाय मन मानणारच नसेल, तर सान्तो गाळा. पण यजमान ते ऐकतील असे वाटत नाही.

कूलिजबद्दल सांगायचे, तर २६ ऑक्टोबर १९४२ रोजी हे जहाज अमेरिकेनेच पेरलेल्या सुरुंगांवर आदळले आणि किनाऱ्यालगत बुडाले. त्याचा पुढचा भाग साधारण २० मीटर खोलीवर आहे आणि मागचा ७० मीटरच्या आसपास उतरत जातो, त्यामुळे प्रमाणपत्र असले तरी पहिली डुबकी वरच्या भागातच घेणे शहाणपणाचे. तुम्हाला जवळचाच मिलियन डॉलर पॉइंट आवडेल : दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने ट्रक, बुलडोझर आणि इतर सामग्री तेथे समुद्रात लोटली, आणि त्यातील काही अवशेष उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग करतानाही दिसतात. माटेवुलू, नांदा यांसारखे गोड्या पाण्याचे निळे डोहही सान्तोवरच आहेत.

निळीवाट

दोघांचेही आभार. मे महिना आणि तान्ना–सान्तो असे जवळजवळ ठरले आहे. नागोलचे मन मारणे जड जाईल, पण कारण पटले. कोणते बेट आधी, हे मात्र अजून उमगलेले नाही. किनाऱ्यांवर पैसे द्यावे लागतात असे ऐकले, तेही खरे का?

कोरलकाठ

आधी सान्तो, मग पोर्ट व्हिलात किमान एक पूर्ण दिवस, आणि नंतर तान्ना, असा क्रम ठेवा. अनेक डुबक्यांनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावे असा सर्वसाधारण नियम आहे, आणि कूलिजवर खोल जाऊन वर येताना थांबे घ्यावे लागले, तर त्याहूनही बराच अधिक वेळ द्यावा लागतो. म्हणून सान्तोवरचा शेवटचा दिवस निळ्या डोहांसाठी ठेवलात, तर यजमानांचे थांबणे आणि तुमचे पोहणे एकाच दिवशी साधेल.

पैशांचे ऐकलेत ते खरे आहे. १९८० साली देश स्वतंत्र झाला, तेव्हापासून राज्यघटनेनुसार सर्व जमीन मूळ स्थानिक मालकांची आणि त्यांच्या वंशजांची आहे. त्यामुळे किनारा, डोह, धबधबा यांपैकी बऱ्याच ठिकाणी त्या त्या कुटुंबाला किंवा गावाला प्रवेशशुल्क द्यावे लागते. त्यावर घासाघीस करणे तेथे अशोभनीय मानतात. रोख वातू (तेथील चलन) पोर्ट व्हिला किंवा सान्तोवरचे शहर लुगानव्हिल येथेच काढून ठेवा आणि त्यात लहान नोटा भरपूर घ्या, कारण खेड्यात मोठ्या नोटेची मोड मिळणे अवघड जाते. तान्नावर संध्याकाळी कावा (मुळांपासून केलेले गुंगी आणणारे पेय) पिण्याचे आमंत्रण आले, तर एक गोष्ट आधी विचारून घ्या : तेथील पारंपरिक नाकामालमध्ये, म्हणजे कावा पिण्यासाठी जमण्याच्या जागी, स्त्रियांना प्रवेश नसतो, शहरातल्या कावा-बारमध्ये मात्र तशी अडचण नाही. सान्तोवर मलेरियाचा धोका असल्यामुळे गोळ्यांविषयी निघण्यापूर्वी बरेच आधी डॉक्टरांशी बोला. आणि ऑस्ट्रेलियामार्गे जाणार असाल, तर विमानतळाबाहेर पडणार नसलात तरी भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो हाती आल्याशिवाय तिकिटे काढू नका.