बोल्ट बदलल्यापासून बावीसच्या रायफलीत मिसफायर, काडतुसाच्या केसची कड फुगते

आबाजीची पॉइंट २२ बोल्ट रायफल वारसानं माह्या लायसन्सवर आली. बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा खिट्टीसारखा भाग) झिजला होता, कारागिरानं दुसऱ्या रायफलीचा बसवला. तवापासून मधामधात मिसफायर (घोडा दाबला तरी बार उडत नाही), अन् झाडलेल्या केसची (काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळीची) कड फुगलेली. आमच्या आर्वीकडं रोही-डुकरानं तूर ठेवली नाही, म्हणून घाई हाय.

↳ भाऊ, हेडस्पेस वाढला, म्हंजे बंद बोल्टचं तोंड अन् बॅरल यातली कडेसाठीची जागा. बावीसचं काडतूस कडेवर टेकते, पेटणारा मसालाही त्याच कडेत. ही जागा किमान ०.०४३ इंच असते, फार वर गेली की पिनचा ठोका काडतुसाले पुढं ढकलण्यातच जाते. पेटलंच तं कडेले मागून टेका नाही, ते फाटते अन् गॅस तोंडावर. २२ हॉर्नेट नावाच्या काडतुसाचंही कडेवरच असते. २२३ काडतूस मात्र खांद्यावर (केस जिथं निमुळती होते तिथं) टेकते.

↳ ही जागा मोजाले काडतुसाच्या जागी घालाचे दोन मापाचे तुकडे असतात, गो अन् नो-गो गेज. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर नाही. त्या कारागिराजवळ गेज होते का, इचारा आधी! बोल्ट उचलून बसवत नसतात बाप्पा. तवरोक एकही बार काढू नका. घरी कानस लावू नका, दुरुस्तीले लायसन्सवालाच लागते.

↳ अन् डुकराले बावीस? जखमी करून अंगावर घ्याल. वनखात्याची परवानगी आधी पाहा.

↳ गेज नव्हतेच म्हणे. सोमवारी नागपूरले नेतो, जुना बोल्टही संग घेतो.