पऱ्यात (ओढ्यात) मिळालेला मरळीसारखा मासा, १७ सेंमी. पिल्लू आहे की पूर्ण वाढलेला?

पऱ्याकाठ_लांजा
नमस्कार मंडळी, परवा पुतण्याने गावच्या पऱ्यात टोपलीने हा मासा धरला, सध्या टबात आहे. घरी सगळे म्हणतायत मरळीचं पिल्लू आहे, पाळा, किलोभराचा होईल. मला शंका येतेय, कारण अंग पिल्लासारखं वाटतच नाही, दणकट आहे आणि डोकं चांगलं रुंद. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत १७ सेंमी भरला, वजन किचनच्या काट्यावर ५८ ग्रॅम. वरून करडा-हिरवट, पोटाकडे फिका, पाठीवरच्या लांब पराला आणि शेपटीला केशरी कड. छातीजवळच्या परांवर पंख्यासारखे गोलाकार पट्टे आहेत, ते फार सुंदर दिसतात. मापावरून जात कळेल का? अजून काय मोजायचं ते सांगा, रात्री मोजतो.

गळवाला_चिपळूण
दादा मरळच आहे, लहान आहे म्हणून रंग वेगळा. आमच्याकडच्या तळ्यात दोन फुटी निघालेत. खायला घाला, वाढेल.

कुडाळचो_झील
मरळीचो पोर न्हय हो. आमच्या व्हाळात असले गावतत, पण ईतभरापेक्षा मोठो कधी बघूक नाय.

मत्स्यवेडी_दापोली
कुडाळकरांशी सहमत. वर्णनावरून हा चन्ना गाचुआ वाटतोय, मरळीच्याच कुळातला पण बुटका. गाचुआ २० सेंमीच्या आसपास थांबतो, म्हणजे तुमचा १७ चा चांगला मोठा झालेला आहे. आपण जिला मरळ म्हणतो ती चन्ना स्ट्रायटा, ती मीटरभरापर्यंत जाऊ शकते.

पण नुसत्या लांबीवर जाऊ नका, १७ सेंमीची मरळही असतेच की. लांबी आणि वजन वयाप्रमाणे, खाण्याप्रमाणे बदलतं, परातल्या काड्यांची आणि अंगावरच्या खवल्यांची संख्या मात्र मासा वाढला म्हणून वाढत नाही, म्हणून ती मोजायची. पाठीवरच्या परात गाचुआला ३२ ते ३७ काड्या, मरळीला साधारण ३८ ते ४३. पोटाखालच्या मागच्या लांब परात गाचुआला २१ ते २३, मरळीला जास्त. अंगाच्या बाजूने जी रेघ जाते तिच्यावरचे खवले मोजलेत तर गाचुआला ४०-४५ च्या आसपास, मरळीला ५० च्या वर. आणि पोटाखालची ती छोट्या परांची जोडी बघा, गाचुआत ती छातीच्या परांच्या निम्म्याहून आखूड असते, मरळीत बरीच लांब. केशरी कड हीसुद्धा गाचुआची मोठी खूण, पण मेल्यावर रंग उडतो, म्हणून मी रंगावर एकट्यावर कधीच विसंबत नाही.

माप घेताना मासा ओल्या फडक्यावर ठेवा, तोंड मिटलेलं हवं. शेपटी सोडून दुसरी लांबीही घ्या: शेपटी हलकी वाकवली की बुडाशी जिथे घडी पडते तिथपर्यंत. अभ्यासात हीच धरतात कारण शेपटीची टोकं बऱ्याचदा कुरतडलेली असतात. काड्या मोजायला पर पसरून मागे मोबाईलचा टॉर्च धरा आणि फोटो काढा, मग फोटोवर निवांत मोजा, माशाला जास्त वेळ हातात धरून ठेवू नका.

गळवाला_चिपळूण
ताई पण काड्या मोजून काय फरक पडतो, खायला तर सारखेच लागतात ना?

मत्स्यवेडी_दापोली
फरक आहे दादा. ह्या गाचुआत नर अंडी तोंडात सांभाळतो. पावसात पऱ्यात ज्याचा गळा फुगलेला दिसतो आणि जो खात नाही, त्याच्या तोंडात बहुतेक पुढची पिढी असते. मरळ असं करत नाही, ती पाण्यात अंडी घालते आणि लालसर पिल्लांच्या घोळक्याची राखण करते. कुठला मासा कसा वाढतो हे कळलं तर कधी धरायचा नाही तेही कळेल. चढणीचे मासे (पावसाच्या सुरुवातीला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) धरताना आपण हे बघतच नाही आणि मग पऱ्यात काहीच उरलं नाही म्हणून रडतो.

पऱ्याकाठ_लांजा
ताई, मोजलं. पाठीचा पर ३४, खालचा २२, दोनदा मोजून तेच आले. बाजूच्या रेघेवर ४३ खवले, जिथे रेघ खाली उतरते तिथे जरा गोंधळ होतो. पोटाची जोडी छातीच्या परांच्या निम्म्याहून आखूड. शेपटीशिवाय लांबी १४. गळा फुगलेला नाही आणि काल त्याने गांडूळ खाल्लं.

मत्स्यवेडी_दापोली
मग गाचुआच. गाचुआ म्हटल्या जाणाऱ्या माशांत जवळजवळच्या अनेक जाती मिसळलेल्या आहेत, त्यामुळे फोटो, मापं आणि गावाचं नाव एकत्र लिहून ठेवा, कामाची नोंद आहे. टबावर जाळी बांधा, वजन ठेवा, हे रात्री उडी मारतात आणि ओल्या अंगणातून सरपटत निघून जातात. आणि टब काठोकाठ भरू नका, हवा घ्यायला वर यावं लागतं त्याला, तोंड वर काढायला जागा हवी. सोडायचा असेल तर जिथून आणला त्याच पऱ्यात, विहिरीत नको.

पऱ्याकाठ_लांजा
जाळी बांधली. उद्या सकाळी पुतण्यालाच घेऊन जातो पऱ्यावर. तो रुसलाय, पण मोजणी त्यानेच केली सगळी.