धोडप किल्ल्यावर मुक्काम करायचाय, १२ वर्षांच्या लेकीला थंडी लागू नये म्हणून काय काय न्यावं?

सिडकोकर_बाबा

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी धोडपला मुक्कामाचं ठरवतोय, मी, माझी १२ वर्षांची मुलगी, साडू आणि त्यांचा मुलगा असे चौघं. पांडवलेणी, रामशेज, अंजनेरी तिचं सगळं झालंय, चालायला अजिबात कुरकुर नाही, पण डोंगरात रात्र काढायची पहिलीच वेळ. मागच्या हिवाळ्यात एका कॅम्पला गेलो होतो, तंबू त्यांचेच, प्रत्येकी दोन ब्लँकेटं दिली होती तरी पोरगी रात्रभर कुडकुडली, शेवटी तीन वाजता तिला गाडीत नेऊन हीटर लावून झोपवलं. धोडपवर काय गाडी नसणार. स्लीपिंग बॅग चांगली घेतली की झालं का? तंबू न्यायचा की गुहेत झोपायचं? पाणी, स्टोव्ह, सगळंच सांगा, लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

गडवाट_नाशिक

दादा, वर दोन ब्लँकेटं होती पण खाली काय होतं? बहुतेक तंबूचं कापड आणि एखादी सतरंजी, बरोबर ना? तिथेच सगळं गेलं. रात्री अंगातली ऊब जमीन ओढून घेते, आणि स्लीपिंग बॅग कितीही भारी घ्या, पाठीखालचा तिचा भाग वजनाने चपटा होतो, आतली हवा निघून जाते आणि ऊब त्या हवेचीच असते. म्हणून आधी कॅरीमॅटवर पैसे घाला, फोमची, जाडसर, लेकीला दोन द्या एकावर एक, त्याच्याखाली पेपरच्या घड्या पसरा. हवा भरायची साधी गादी मात्र नेऊ नका, ती खालून गार पडते, मी एकदा साल्हेरला ती चूक करून बसलोय, पहाटेपर्यंत कूस बदलत होतो.

दुसरं म्हणजे घाम. वर पोचलात की पाच मिनिटांच्या आत बनियन, मोज्यांसकट सगळे कपडे बदला, सुती टीशर्ट एकदा ओला झाला की वाळतच नाही आणि सूर्य गेला की तोच अंगावर बर्फासारखा लागतो. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. डोक्याला कानटोपी. झोपताना स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, ती जाड मोज्यात घालून पायाशी ठेवायची, एवढ्यावर पोरं झोपतात. झोपायच्या आधी गूळ शेंगदाणे किंवा चिक्की खायला द्या, पोटात काही असलं की अंग गरम राहतं.

तंबू लावलात तर खोलगट जागेत नको, रात्री गार हवा खाली उतरून तिथे साचते, आणि अगदी कड्यावरही नको, वारा. खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर आपल्याच श्वासाने आतून सगळं ओलं होतं.

चांदवडचा_मामा

वरच्या भाऊंनी थंडीचं बरोबर सांगितलंय, मी दुसरं सांगतो. डिसेंबरात गवत पिवळं झालेलं असतं, एक ठिणगी पुरते, सगळा डोंगर पेटतो आणि मग गावातली माणसं रात्री फांद्या घेऊन वणवा विझवत फिरतात. तेव्हा शेकोटी नकोच. त्यात कड्यांना आग्यामोहोळं लागलेली असतात, धूर गेला की माश्या उठल्याच म्हणून समजा. अत्तर, डिओ मारून जाऊ नका, आरडाओरडा नको. उठल्याच तर हात झाडू नका, तोंडावर जाड कापड ओढून खाली पळत सुटायचं, एक माशी चावली की त्या वासाने बाकीच्या तिथेच येतात. काटा नखाने खरवडून लगेच काढा, आणि तोंड सुजलं, श्वास लागला तर वाट बघू नका, १०८ लावा. वर फोनला रेंज लागेलच असं नाही म्हणून कुठल्या वाटेने जाताय, किती वाजता उतरणार ते पायथ्याच्या हट्टी गावात कोणाला तरी सांगूनच चढा.

स्टोव्ह बुटेनचा छोटा चालेल, पण गारठ्यात त्याचा डबा मान टाकतो, रात्री जॅकेटमध्ये गुंडाळून ठेवा. तंबूत मात्र पेटवायचा नाही, कितीही वारा असला तरी. तो जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

आणि मनापासून सांगतो, पहिली रात्र लेकीला घेऊन वर नकाच राहू. वडाळीभोईवरून हट्टीला या, गावात कोणाच्या ओट्यावर नाहीतर शेतात विचारून मुक्काम करा, पिठलं भाकरी मिळेल, पैसे नीट द्या. पहाटे पाचला टॉर्च घेऊन निघा, तिला उजाडताना धोडपच्या कातळभिंतीतली ती खाच दिसेल. १७६८ ला माधवराव पेशव्यांनी राघोबादादांना ह्याच धोडपला हरवलं होतं, चढता चढता सांगा तिला.

गोदाकाठची_अनु

सगळे थंडीचं बोलताय, मी मुलीचं बोलते. दादा, १२ वर्षांची आहे म्हणजे पाळी कधीही येऊ शकते, आली नसली तरी. आईला सांगून दोन चार पॅड, जास्तीची चड्डी, पेपर आणि जाड झिपची पिशवी तिच्या स्वतःच्या सॅकमध्ये ठेवायला लावा आणि तिला माहीत असू द्या. वापरलेलं पॅड पेपरात गुंडाळून त्या पिशवीत, परत घरी. जाळायचं नाही, दगडाखाली ढकलायचं नाही.

दुसरं, मुली रात्री लघवीला जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, मी स्वतः कितीदा केलंय, दुसऱ्या दिवशी डोकं फुटतं. जागा उजेडात तिच्याबरोबर बघून ठेवा, डोक्याचा टॉर्च तिचा वेगळा द्या आणि रात्री उठवायला लाजू नकोस म्हणून आधीच सांगा. संडासला पाण्याच्या टाक्यापासून लांब, वीतभर खड्डा आणि वर माती. टाक्यात हात, भांडी, काहीच बुडवायचं नाही, पाणी काढून घ्यायचं, फडक्याने गाळून खळखळ उकळायचं. घरून माणशी तीन लिटर न्याच. सकाळी बूट झटकून घालायचे, विंचू बसतात.

सिडकोकर_बाबा

अनुताई, हे मला सुचलंच नसतं, बायकोला वाचून दाखवलं, पिशवी आजच भरली. मामा, तुमचं पटलं. हट्टीतच मुक्काम करतो, पहाटे चढतो, गुहा बघून दुपारच्या आत खाली. कॅरीमॅट पाच घेतोय, लेकीला दोन. फक्त एक सांगा, वाटेतल्या लोखंडी शिड्यांपाशी अंधारात पोचणं बरोबर आहे का, की तिथे उजाडेपर्यंत थांबावं?

चांदवडचा_मामा

थांबा. पाचऐवजी साडेपाचला निघा, म्हणजे शिड्यांपर्यंत फटफटेल. पोरीला मध्ये ठेवा, तुम्ही तिच्या मागे.