देऊळ आणि अँब्युलन्स एकाच ट्रस्टमध्ये, ८०जी मिळेल का?

राजापूरवाला:
आमच्या गावच्या ट्रस्टचं धर्मादाय आयुक्तांकडे रजिस्ट्रेशन जुनं आहे, पॅन पण आहे. आत्तापर्यंत देवळाचा जीर्णोद्धार, शिमग्याची पालखी एवढंच काम. आता अँब्युलन्स घ्यायचं चाललंय, कारण रात्री-अपरात्री कोणाला रत्नागिरीला हलवायचं तर गाडी शोधण्यातच वेळ जातो आणि पावसात तर हालच. चाकरमानी पैसे द्यायला तयार आहेत पण करात वजावट मिळावी म्हणून ८०जीची पावती मागतायत. १२ए आणि ८०जीला याच ट्रस्टवर अर्ज करू का?

लेखापाल_चिपळूण:
नको. १२ए म्हणजे ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट, ती धार्मिक ट्रस्टलाही मिळते. ८०जी देणगीदारासाठी, आणि तिथे धार्मिक कामावरचा खर्च वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर गेला की संपलं. तुमच्या पालखीचाच खर्च त्याच्या वर जाईल. अँब्युलन्ससाठी वेगळा ट्रस्ट करा. उद्देशात वैद्यकीय मदत लिहा, सेवा जात-धर्म न बघता सगळ्यांना आणि ट्रस्ट बंद पडला तर मालमत्ता तशाच दुसऱ्या ट्रस्टला जाईल हे कलम नक्की टाका, याच्यावरून आयकरवाल्यांची क्वेरी हमखास येते. आधी तात्पुरतं रजिस्ट्रेशन मिळतं ३ वर्षांचं, पण गाडी सुरू झाली की ६ महिन्यांत नियमित रजिस्ट्रेशनसाठी अर्ज करायचा, ३ वर्षं आहेत म्हणून बसू नका. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमं आणि फॉर्मचे नंबर बदललेत, तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफ बघून भरू नका.

मालवणी_माणूस:
जुन्या ट्रस्टचे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचे अर्ज, पण बघून घ्या हो. आमच्याकडे शेड्यूल १ वर (धर्मादायकडची ट्रस्टची नोंद) वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच होती, बँकेपासून सगळीकडे अडतं. बदल झाल्यापासून ९० दिवसांत सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादायला कळवायचं असतं, गावात हे कोणी करत नाही आणि मग नव्या पोरांना निस्तरावं लागतं.

राजापूरवाला:
वेगळा ट्रस्ट पटलं, रविवारी मीटिंगमध्ये मांडतो. देणगी गणपतीत रोख घेतली तर चालेल का?

लेखापाल_चिपळूण:
२००० रुपयांच्या वर रोख दिली तर देणगीदाराला वजावट नाही, यूपीआय किंवा चेकनेच घ्या. प्रत्येकाचा पॅन लिहून ठेवा, कारण वर्षाचं स्टेटमेंट ऑनलाइन भरल्याशिवाय देणगीदाराचं सर्टिफिकेट निघत नाही, नुसत्या पावतीवर भागत नाही. आणि आधी चाकरमान्यांना विचारा आयकराच्या जुन्या रिजीममध्ये किती जण आहेत, नव्यात ८०जीची वजावटच नाही. सगळेच नव्यात असतील तर ८०जीसाठी गाडी थांबवून ठेवू नका, पैसे जमतील तशी बुक करा.